दुधातला हिरा

अंगठी ऑनलाइन मागवायची कल्पना माझी होती. पराग दुकानात यायला तयार होता, पण त्याची नोकरी इंदूरला. सिंहस्थासाठी रस्ते उकरून ठेवलेले, त्यामुळे उज्जैनला यायचं म्हणजे अर्धी सुटी धुळीत जाणार. त्यापेक्षा आम्ही आपापल्या खोलीत बसून, फोन कानाला लावून, एकच साइट एकाच वेळी बघत बसायचो.

"खालून दुसरा बघ," तो म्हणायचा.

"कट बरोबर नाही त्याचा."

"तू हिरा घेऊन राहिली आहेस की परीक्षेचा पेपर तपासून राहिली आहेस?"

मी एका हिंदी दैनिकात शहराचं पान बघते. बातमी आली की कोण, कुठे, कशावरून, हे विचारल्याशिवाय पुढे सोडायची नाही, ही सवय आता जात नाही. हिऱ्याच्या बाबतीतही मी तेच केलं. प्रमाणपत्राचा क्रमांक ते देणाऱ्या संस्थेच्या साइटवर टाकून पाहिला. माल परत करायचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. शेवटी एक पसंत पडला. गोल, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, प्रयोगशाळेत वाढवलेला. चिमट्यात धरलेला तो हिरा संथपणे फिरताना दाखवणारा एक छोटा व्हिडिओ होता. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पुन्हा उपलब्ध'.

"म्हणजे कोणीतरी परत केलेला आहे," पराग म्हणाला. "मोडलं असेल बिचाऱ्यांचं."

"किंवा अंगठी बोटात गेली नसेल."

आईला हे कळल्यावर तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "भाजी घेताना चार वांगी उलटीपालटी करून बघतेस, आणि हिरा फोटो बघून?"

हा साखरपुडा मला हवा होता, हे सरळच लिहिते. परागच्या आईला, प्रतिभाकाकूंना, रात्री उशिरा कामावरून येणारी सून नको होती. पराग दोन वर्षं आवाज न चढवता त्यांच्याशी बोलत राहिला. त्यांनी दिलेला होकार होता, "बरं, बघू या." त्या 'बघू या'वर आम्ही हॉल घेतला होता. समारंभात कुठे काही खटकलं तर त्या तिथल्या तिथे मागे फिरतील, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

कुरिअर दुपारी आलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात मखमली डबी, डबीत पांढऱ्या सोन्याची अंगठी. झाकण उघडलं आणि डोळ्यांच्या आधी नाकाला कळलं.

तो वास कसा होता, याचे शब्द मी तेव्हाच ठरवून ठेवले होते, म्हणून आज देता येतात. पुष्कळ दिवस न धुतलेल्या उशीच्या अभ्र्याचा. हेल्मेटच्या आतल्या कापडाचा. तेल लावून, वेणी न सोडता, त्यावरच झोपलेल्या डोक्याचा. सडका नव्हता, मेलेल्या कशाचाही नव्हता. जिवंत माणसाच्या अंगाचा होता, आणि ते माणूस फार जवळ असल्याचा.

हिरा धुरकट दिसत होता. मी ओढणीच्या टोकाने पुसला, तर ओढणीवर एक पारदर्शक डाग उमटला, भज्यांच्या कागदावर पडतो तसा. मग भांड्यांचा साबण लावून, जुन्या टूथब्रशने घासून घासून धुतला. पाण्याखाली तो असा चमकला की मला माझ्या शंकेची लाज वाटली. डबीचा दोष असेल म्हणून डबी फेकली, अंगठी स्वच्छ काचेच्या बाटलीत घातली, झाकण घट्ट लावून कपाटात ठेवली.

संध्याकाळी बाटलीच्या काचेला आतून ओशट धुकं धरलं होतं.

भय्यासाहेबांचं सराफी दुकान फ्रीगंजमध्ये, टावर चौकापासून जवळच आहे. त्यांचे पूर्वज मराठा सरदारांच्या दरबाराबरोबर इकडे आले आणि इथेच राहिले. बाबांचे ते जुने मित्र. अंगठी बाहेरून आणली म्हणून ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते हसले.

"अगं, हिऱ्याला तेल-तूप फार आवडतं. खाणीत हिरे कसे वेचायचे माहीत आहे? चरबी फासलेल्या पाटावरून माती-पाणी सोडायचं. दगड वाहून जातात, हिरे चिकटून बसतात. तुझ्या हाताचं क्रीम, केसांचं तेल, जे असेल ते हा धरणार."

"मी अजून घातलीच नाहीये, काका. बाटलीत होती."

त्यांनी अंगठी धुण्याच्या यंत्रात घातली, बाहेर काढून वाफ मारली, पुसली, आणि चिमट्यात धरून डोळ्याला भिंग लावलं. अंगठी फिरवून फिरवून पाहिली. मग भिंग माझ्याकडे दिलं.

"तुझे डोळे तरुण आहेत. तूच बघ."

हिऱ्याच्या सपाट माथ्यावर ओलसर थर पुन्हा धरू लागला होता. तो सगळीकडून सारखा नव्हता. त्यात रेघा होत्या, एकात एक गुंडाळलेल्या, मध्यापासून बाहेर जाणाऱ्या. बोटाचा ठसा. कडेला तुटलेला नाही, पूर्ण. अख्खा ठसा त्या दाण्याएवढ्या माथ्यावर मावला होता.

"एवढं बोट कोणाचं असतं?" मी विचारलं.

"भास असेल. उजेड तसा पडतो." त्यांनी अंगठी माझ्यासमोर सरकवली, हाताने नाही, चिमट्यानेच. मग ते मागच्या बेसिनवर गेले. मी निरोप घेऊन पायरी उतरले तरी नळ चालूच होता.

मी साइटवर परतीची मागणी नोंदवली. उत्तर आलं, 'आपकी शिकायत हमारे लिए महत्वपूर्ण है।' पुढे काही नाही.

रविवारी पराग मोटरसायकलवर आला. टावर चौकात पोहे खायला गेलो. सवय व्हावी म्हणून मी अंगठी घातली होती. पोह्यांवर शेव, कांदा, वरून जिरावण मसाला, शेजारी गरम जिलेबी. मी हे लहानपणापासून खात आले आहे. त्या दिवशी डाव्या हातात द्रोण धरला होता आणि अंगठीच्या बाजूने द्रोणाचा कागद हळूहळू पारदर्शक होत गेला. पोह्यांचं तेल दुसऱ्या बाजूला होतं.

परागने नाक आक्रसलं. त्याचं नाक आक्रसलं की डावी नाकपुडी जरा जास्त वर जाते. मला ते आवडतं.

"शी! हेल्मेट धुवायला पाहिजे यार माझं," तो म्हणाला.

हेल्मेट लांब, गाडीच्या आरशाला लटकत होतं. मी हात त्याच्यासमोर धरला. त्याने वास घेतला आणि मान झटकन मागे घेतली. मग त्याने उरलेले पोहे कचऱ्याच्या डब्यात टाकले. मी त्याला सगळं सांगितलं, भिंगातल्या ठशासकट.

"परत कर. आईला मी सांगतो, साधी सोन्याची घालू."

"हिऱ्याचा फोटो तू त्यांना पाठवलास. त्यांनी तो साऱ्या बहिणींना पाठवला. आता साधी घातली तर म्हणतील, मुलीच्या घरात शब्दाला किंमत नाही."

हात धरायची परागची सवय आहे. त्या दिवशी त्याने माझा उजवा हात धरला.

वास घरभर झाला तेव्हा आईनेच उपाय काढला. ती दिवसभर खिडक्या उघड्या टाकत होती. "हा वास तुझ्या सासूबाईंच्या नाकाला गेला तर संपलंच. कच्च्या दुधात ठेव देवापुढे. आमच्याकडे नवा खडा दुधात घातल्याशिवाय कोणी अंगावर चढवत नाही. सगळे दोष ओढून घेतं दूध."

दिवेलागणीला तिने चांदीच्या वाटीत दूध घेतलं, अंगठी त्यात सोडली, वर तुळशीचं पान ठेवलं. सकाळी बाबा उठायच्या आत मी चमच्याने अंगठी बाहेर काढली.

ती कोरडी होती. दुधातून काढली तरी कोरडी, थेंबही न चिकटलेली. हिरा लख्ख होता. नाकाशी नेला. काही नाही. मी अंगठी दिवसभर घालून हिंडले, काचेवर घासून पाहिली, दुपट्ट्याने पुसून पाहिली. काही नाही. परागला फोन केला तर तो म्हणाला, "तुझ्या आईला पेटंट घ्यायला सांग." आम्ही दोघं पुष्कळ हसलो. एवढं हसायला येण्यासारखं ते नव्हतं.

त्या आनंदात वाटीतल्या दुधाचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. ते तुळशीला घालायचं होतं. आई सकाळीच माझ्या ब्लाउजसाठी शिंप्याकडे खेटा घालायला निघाली होती. पूजा बाबा करतात. ते रोज देवापुढे दुधाचा नैवेद्य ठेवतात आणि पूजा झाली की ते दूध विरजणाच्या भांड्यात ओततात. देवापुढचं दूध मोरीत जाऊ द्यायचं नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. बँकेत होते तेव्हाही, आता निवृत्त झाल्यावरही, यात खंड नाही. त्या सकाळी देवापुढे वाटी होती. त्यांनी ती ओतली.

दुसऱ्या दिवशी मी जेवायला बसले तेव्हा बाबा दह्याचं भांडं तिरकं करून आईला दाखवत होते.

"बघ गं, चमचा उभा राहून राहिलाय. अशी कवडी मी आयुष्यात पाहिली नाही."

आईचं खाऊन झालं होतं. तिने भाताबरोबर दोनदा घेतलं होतं आणि बोटं चाटत होती. आई बोटं चाटत नाही. कोणी चाटली तर ओरडते.

भांडं माझ्याकडे आलं आणि मी ते लांब सरकवलं. उशीचा अभ्रा. हेल्मेट. न सोडलेली वेणी. वाफेसारखा, ऊबदार.

"कसला घाण वास येतोय याला!"

"कसला वास?" आई म्हणाली.

"तोच. अंगठीचा. परवा तूच खिडक्या उघडत होतीस."

तिने भांड्यात नाक घातलं, पार आत. वर पाहिलं तेव्हा नाकाच्या शेंड्याला साय लागली होती. "गोड वास आहे, अंबिका. तुला झालंय काय?"

मी भांड्यात पाहिलं. बाबांनी चमचा घालून खड्डा केला होता, तो भरून आला होता. सायीचा थर पिवळसर, जाड, आणि त्याला सुरकुत्या होत्या. मध्यापासून निघून गोल गोल कडेपर्यंत गेलेल्या. या वेळी भिंग लागलं नाही. भांडं ताटलीएवढं होतं. ठसाही तेवढाच होता.

दूध कुठलं, हे मी विचारलं आणि बाबांनी निरागसपणे सांगितलं. मी वाटीत काय होतं ते सांगितल्यावर ते हसले. "मग चांगलंच आहे की. सोनं उतरलेलं दूध. लोक औषध म्हणून घेतात."

मी ते मोरीत ओतायला निघाले तेव्हा दोघंही आडवे आले. देवाचं आहे, टाकायचंच तर नदीत सोड. म्हणून मी स्टीलच्या डब्यात ते भरलं, ई-रिक्षा केली आणि राम घाटावर गेले. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं. "मॅडम, कुछ लीक हो रहा है क्या?"

घाटावर नेहमीची वर्दळ होती. गुरुजी कोणाकडून तरी पिंड सोडवून घेत होते, बायका पायऱ्यांवर साड्या वाळवत होत्या, एक कुटुंब माशांना कणकेच्या गोळ्या टाकत होतं. मी एका कडेला बसून डबा उपडा केला. दही फुटलं नाही. एकसंध गोळा पाण्यावर तरंगत राहिला. आधी मासे दूर गेले. मग सगळे एकदम वळले. त्या कुटुंबाच्या गोळ्या सोडून, तिकडून, खालून, एकमेकांच्या अंगावर चढून ते आले आणि तोंडं वासून तो गोळा ओढू लागले. बाहेर आलेली ती गोल, फिकट तोंडं बघून मुलं टाळ्या पिटत होती.

"दीदी, क्या खिलाया?" त्यांच्या आईने कौतुकाने विचारलं. "हमारा तो देख ही नहीं रहे."

पाणी लगेच स्वच्छ झालं. मी डबाही तिथेच सोडून आले.

दोन दिवसांनी घरी जेवणाच्या टेबलावर पुन्हा दही होतं.

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "हे आपलं नाही. मीराकाकूकडून विरजण आणून लावलंय."

मीराकाकू म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर. माधव नगरात आमच्या गल्लीत निम्मी घरं मराठी आहेत, आणि कोणाकडे विरजण संपलं की शेजारून चमचाभर आणायचं, हे इतकं नेहमीचं आहे की त्याला मागणं म्हणत नाहीत.

"मीराकाकूने विरजण कुठून आणलं?"

आई म्हणाली, "परवा आपल्याकडूनच नेलं होतं. बाबांनी दिलं. पण तिने काल पलीकडच्या अपर्णाला दिलं, तिचंही छान लागलं. सगळी गल्ली कौतुक करते आहे. तुझंच काय ते वेगळं."

मी संध्याकाळी गल्लीतून चालत गेले. घराघराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तोच वास येत होता. ओळखीच्या बायका फाटकात उभ्या राहून मला हसून हाका मारत होत्या. ओठ तुपकट, चमकणारे. ज्यांनी खाल्लं होतं, त्यांच्यापैकी एकालाही वास येत नव्हता. मी नाकावर रुमाल धरला होता. एकीने विचारलं, "सर्दी झाली का गं? दही-साखर खा."

घरी आले तर फोनवर साइटकडून संदेश आला होता. परतीच्या मागणीला अखेर मीना नावाच्या कोणीतरी उत्तर दिलं होतं.

'मॅडम, एक बात पूछनी थी। अंगूठी दूध में रखी थी क्या?'

मी लिहिलं, 'हाँ। क्यों?'

'फिर आप रख लीजिए। अब दिक्कत नहीं आएगी। पिछले वालों ने दूध में नहीं रखी थी, इसलिए वापस आ गई थी।'

मी विचारलं, कशाची दिक्कत, काय परत आलं, तुम्ही कोण बोलताय. पलीकडून अंगठा वर केल्याचं एक चित्र आलं. मागणीपुढे शब्द उमटला, 'समाधान', आणि लिहायची चौकट बंद झाली.

मी परागला सगळं सांगितलं. तो हसला नाही. अंगठीचा वास त्याने स्वतः घेतला होता. "हे बघ," तो म्हणाला, "समारंभ उरकू. तू लग्नानंतर इंदूरला येणार. तिथे आपलं विरजण आपण विकतचं आणू." मग हळूच म्हणाला, "मी तुझ्याकडचं काही खाणार नाही. पक्का."

मला तेवढं पुरेसं होतं. आई-बाबांचं मी काही करू शकले नव्हते. परागला त्यापासून लांब ठेवायचं होतं. मी आईकडून वचन घेतलं की श्रीखंड बाजारातून येईल. तिने माझ्यादेखत दुकानात सांगितलं. पराग खिशात पेढ्याची पुडी आणणार होता, एकमेकांना घास भरवायची वेळ आली की त्यातला पेढा द्यायचा.

साखरपुडा दुपारचा होता. हॉल माधव नगरातलाच. झेंडूच्या माळा, भाड्याच्या खुर्च्यांना पांढरी आवरणं, मोठे पंखे. आम्ही आत शिरलो आणि मी जागच्या जागी उभी राहिले. पंखे तो वास गोल गोल फिरवत होते.

मीराकाकू लगबगीने आली. पैठणी, नथ, चमकणारे ओठ. "तुझ्या आईला काही बोलू नकोस हं, तिला मी आत्ताच सांगितलं. दुकानातलं श्रीखंड कशाला खायचं? आपल्या गल्लीतल्या सगळ्यांनी घरोघर दही लावलं, चक्का टांगला. आपल्या अंबिकासाठी एवढं तर करूच न!"

तिच्यामागे टेबलावर मोठं पातेलं होतं. केशरी, तकतकीत. वाढपी डावाने वरचा थर सारखा करत होता. डाव उचलला की थरावर रेघा हलकेच परत येत, मध्यापासून कडेकडे. तो पुन्हा सारखा करत होता. पुन्हा येत होत्या.

पराग माझ्याजवळ आला. डावी नाकपुडी वर गेलेली.

"इथे आहे," तो म्हणाला.

"श्रीखंडात आहे. खाऊ नकोस."

त्याने खिशावर हात ठेवून दाखवला.

अंगठ्या घातल्या. हिरा स्वच्छ होता. प्रतिभाकाकूंनी माझा हात वर करून त्यांच्या बहिणींना दाखवला आणि बहिणी म्हणाल्या, "वा!" पंगत बसली. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा मागितलं, तिसऱ्यांदा मागितलं. पुऱ्या तशाच राहिल्या. लोक वाट्या बोटाने पुसून घेत होते. भय्यासाहेब एका कोपऱ्यात पान समोर तसंच ठेवून बसले होते. माझ्याशी नजर मिळताच ते उठले आणि हात न धुता बाहेर निघून गेले.

मग हाका सुरू झाल्या. "घास भरवा, घास भरवा!"

परागने पेढा काढला.

"पेढा काय रे?" प्रतिभाकाकूंनी तो त्याच्या हातून घेऊन बाजूला ठेवला. त्यांच्या हनुवटीवर तुपकट ओघळ होता आणि त्यांना तो कळत नव्हता. "एवढं अमृतासारखं श्रीखंड असताना! आधी मुलाने. घे."

त्यांनी चांदीची वाटी त्याच्या हातात दिली.

"काय जावईबापू, घाबरून राहिले का?" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

परागने माझ्याकडे पाहिलं. तो वाटी खाली ठेवणार होता. मला ते दिसलं. ठेवली असती तर त्याच्या आईने त्या सगळ्यांसमोर कारण विचारलं असतं, आणि कारण म्हणून माझं नाव आलं असतं.

मी मान हलवली. दे, म्हणून.

माझा हिशेब सरळ होता. मी एक घास खाईन. माझी पाळी आली की चमचा माझ्या हातून पडेल. लोक हसतील, शकुन-अपशकुन बोलतील, पण परागच्या तोंडात काही जाणार नाही.

त्याने चमच्याच्या टोकावर थोडंसं घेतलं.

मी श्वास रोखला आणि तोंड उघडलं.

ते कोमट होतं. फ्रीजमधून काढलेलं, आणि कोमट. जिभेवर ते विरघळलं नाही, पसरलं. दातांच्या मागे, गालांच्या आत. मला गिळावं लागलं नाही. ते आपणच खाली उतरलं.

मला ओकारी येणार होती. मी वाट पाहिली.

मग श्वास सोडावाच लागला, आणि पुन्हा घ्यावा लागला.

झेंडू. वेलची. इस्त्री केलेल्या कपड्यांचा वास.

बाकी काही नाही.

मी आणखी एकदा श्वास घेतला, खोल. हॉल किती छान वाटत होता. आई लांबून माझ्याकडे बघून हसली, आणि ती का हसली ते मला कळलं.

पराग थोडा मागे सरकला. डावी नाकपुडी वर गेली.

"अंबिका," तो अगदी हळू म्हणाला, "वास तुझ्याकडून येतोय."

"कसला वास?" मी म्हटलं.

प्रतिभाकाकूंनी वाटी माझ्या हातात ठेवली. चमच्याने पडलेला खड्डा भरून आला होता. मी चमचा बुडवला, काठोकाठ भरला. चमचा पाडायचा होता, हे मला आठवत होतं. हात अगदी स्थिर होता.

"आ कर," मी म्हटलं.